बाबांच्या मानेचा पट्टा

बाबा,

मागच्या पत्रात मी एक गोष्ट चुकीची लिहिली होती, ती आधी दुरुस्त करते. मी लिहिलं होतं की इतवाऱ्यातल्या त्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी तुम्हाला जन्मभर मानेला पट्टा घालायला सांगितलं, तुम्ही त्यांचं ऐकलंत आणि म्हणून तुमची मान तशी झाली. तसं नव्हतं. डॉक्टरांनी थोडेच दिवस सांगितलं होतं. हे मला गेल्या आठवड्यात आईकडून कळलं. कसं कळलं ते पुढे लिहिते. ते पत्र तुम्हाला पोचलेलं नाही, पोचणारही नव्हतं, त्यामुळे चूक तशीच राहिली असती तरी कोणाचं काही बिघडलं नसतं. पण ही गोष्ट मी फक्त पत्रात लिहिलेली नाही. आमच्या फिजिओथेरपी सेंटरमध्ये कोणी बाजारातून पट्टा घेऊन, स्वतःच गळ्यात अडकवून आलं की मी त्याला समोर बसवून सांगायचे, माझ्या वडिलांना एका डॉक्टरने असाच पट्टा दिला आणि तो शेवटपर्यंत निघाला नाही, तुम्ही तसं करू नका. लोक ऐकायचे. स्वतःच्या वडिलांचं उदाहरण दिलं की ऐकतात. ते डॉक्टरही आता नाहीत, त्यांच्या बाजूने बोलायला कोणी नाही, आणि मी मात्र चांगल्या हेतूने त्यांच्यावर एक खोटा आळ घेत राहिले. खोटा आहे हे मला माहीत नव्हतं, पण मी कधी नीट विचारलंही नव्हतं.

दुसरी दुरुस्ती लहान आहे. मी लिहिलं होतं की तुम्ही कधी मान वळवून आमच्याकडे पाहिलं नाही. ते खरं आहे, पण अर्धंच. तुम्ही मान वळवत नव्हता, तुम्ही अख्खे वळायचात. कोणी मागून हाक मारली की तुमचे पाय आधी फिरायचे, मग खांदे, आणि सगळ्यात शेवटी तो पांढरा पट्टा आणि त्याच्यावर ठेवल्यासारखा तुमचा चेहरा. लहानपणी मला वाटायचं की ही तुमची रीत आहे. इतर मुलींचे वडील पेपर वाचता वाचता खांद्यावरून हूं म्हणायचे. तुम्ही मला उत्तर देण्यासाठी पूर्ण माझ्याकडे तोंड करून उभे राहायचात. तुमचे विद्यार्थीही हेच म्हणतात. अजून बाजारात कोणीतरी भेटतं, केळ्याचा आडत्या किंवा बँकेतला क्लार्क, आणि म्हणतं, आपके पिताजी, माटसाब, वो पूरा घूम के बात सुनते थे. मी हो म्हणते. दुखण्यामुळे ते तसे वळत असत, हे त्यांना सांगत नाही. शाळेत तुम्हाला पट्टेवाले सर म्हणत, आणि आईला त्याचा राग यायचा. ती म्हणायची, "मेल्यांनी शिपाई केलं यांना." तुम्ही म्हणायचात, "घंटा तेवढी मला वाजवू देत नाहीत अजून."

मराठी मी तुमच्यापाशी शिकले, म्हणून हे मराठीत लिहिते आहे. शाळा पुढे सगळी हिंदीत झाली, कॉलेज इंदूरला, तिथे पुस्तकं इंग्रजीत. सेंटरमध्ये दिवसभर अर्धं हे अर्धं ते बोलते, त्यामुळे लिहिताना ऱ्हस्व-दीर्घापाशी अडखळायला होतं आणि तुमची पेन्सिल आठवते. शाळेच्या फाटकाशी पोचले की मला उलटी व्हायची ते दिवस. सगळे म्हणत होते की रडू दे, चार दिवसांत सवय होईल. तुम्ही म्हणालात, राहू दे घरी, मी शिकवतो. तुमची शाळा दुपारची होती. सकाळी लोधीपुऱ्यातल्या आपल्या पुढच्या खोलीत, तुम्ही खाटेवर ताठ बसलेले, मी खाली चटईवर. मी वाचायला लागले की माझं डोकं पुस्तकात बुडायचं. तुम्ही पेन्सिलीने माझी हनुवटी वर करायचात. "मान मोडून वाचू नकोस. पुस्तक तुझ्याकडे येईल, तू पुस्तकाकडे जाऊ नकोस." हे तुम्ही इतक्या वेळा बोललात, आणि एकदा इतक्या चिडून बोललात, की मी रडले. पेन्सिल तेव्हा हनुवटीला टोचली होती. तुम्ही घाबरलात आणि खाली वाकायला गेलात, पण वाकता आलं नाही, म्हणून गुडघ्यांवर बसलात, पाठ सरळ ठेवून, देवळात बसतात तसे. मला तुमचा राग आठवत नाही, ते बसणं आठवतं.

त्याच संध्याकाळी तुम्ही इतवाऱ्यातून रेहल घेऊन आलात, ती लाकडाची घडीची, कात्रीसारखी उघडणारी, पोथी ठेवायची. आई म्हणाली, "अहो, लोक तिच्यावर कुराण ठेवतात, ज्ञानेश्वरी ठेवतात. तुम्ही काय ठेवणार, बाराखडी?" तुम्ही म्हणालात, "बाराखडी उतरली की ज्ञानेश्वरी ठेवू. घाई काय आहे." एका उशीवर रेहल, तिच्यावर माझं पहिलीचं पुस्तक, आणि माझी नजर समोर. आता मी लोकांना सांगते की मोबाइल डोळ्यांसमोर धरा, मांडीवर ठेवू नका, कॉम्प्युटरचा पडदा उंच करा, शिवणयंत्राची खुर्ची बदला. हे मला कॉलेजमध्ये शिकवलं तेव्हा सगळे लिहून घेत होते आणि मी नुसती बसले होते. मला ते आधीच येत होतं. तुम्हाला मात्र कोणी रेहल आणून दिली नाही. त्याआधीची कितीतरी वर्षं वार्षिक परीक्षेच्या उत्तरांच्या कॉप्या तुम्ही जमिनीवर बसून, बुटक्या डेस्कवर वाकून तपासायचात, महिना महिना. पट्टा लागला तो त्याच्यानंतर.

बाबा, मी थकले आहे. कामाने नाही, काम मला आवडतं. तेच तेच सांगण्याने थकले आहे. मान दुखते म्हणून माणूस येतो, कित्येक महिन्यांचं दुखणं असतं, कधी वर्षांचं. तपासून काही घातक नाही ना ते बघायचं, असलं तर मोठ्या डॉक्टरांकडे पाठवायचं. बहुतेकांना तसं काही नसतं. स्नायू दुबळे झालेले असतात, ताठर झालेले असतात, आणि माणूस हलवायला घाबरलेला असतो. मग मी सांगते, हनुवटी आत घ्या, खाली नाही, मागे, जसं कोणी नको असलेला घास तोंडासमोर धरला की आपण मागे सरतो. कपाळावर तळहात ठेवा, डोक्याने हाताला ढकला, हाताने डोक्याला, कोणीच हलायचं नाही. खांद्याची पाती मागे एकमेकींकडे आणा. सावकाश. रोज करा. थोडं दुखेल, त्याला घाबरू नका, वाढत गेलं तर थांबा आणि मला सांगा. माणूस हे सगळं ऐकून घेतो आणि मग कोपऱ्यातल्या मशीनकडे बघतो. "मॅडम, करंट लावणार ना?" मशीन लावलं की त्याला वाटतं उपचार झाला. व्यायाम म्हणजे त्याला वाटतं आम्ही आमचं काम त्याच्यावर ढकललं. आणि मला खोटं आश्वासनही देता येत नाही. पूर्ण बरं होईल का, असं विचारलं तर मी म्हणते, बऱ्याच जणांना बराच फरक पडतो, सगळ्यांना नाही, आणि वेळ लागतो. आमच्या सेंटरचे मालक म्हणतात, "इतना सच क्यों बोलती हो, पेशंट भाग जाएगा." काही जातातही.

आता आईचं लिहिते. तुम्हाला वाटेल हिने इतका वेळ का लावला. तुमचा पट्टा तिच्या गळ्यात आहे. तोच नाही म्हणा, आतला फोम ती बदलत आली आणि खोळ तर तुमच्या वेळेपासून तीच शिवते. तुम्ही गेल्यावर तो खुंटीवर होता. मग तिची मान धरायला लागली, मी तेव्हा इंदूरला होते, आणि सुट्टीत घरी आले तर तिने तो घातलेला. म्हणाली, "आराम पडतो. अन् घरात पडूनच होता." मी तेव्हा शिकतच होते, काही बोलले नाही. नंतर शिकून झाल्यावरही बोलले नाही. तिचा एक्स-रे झाला, इथल्या मोठ्या डॉक्टरांनी तपासलं, वयाप्रमाणे आहे म्हणाले, पट्टा सोडा आणि मुलगीच फिजिओ आहे तर तिच्याकडून व्यायाम शिका म्हणाले. आई त्यांच्यासमोर हो म्हणाली. घरी येऊन तिने खोळ धुतली, नीळ घातली, आणि तुमच्या वेळी करायची तशी भाताच्या पेजेत बुडवून वाळत टाकली. आता तीही अख्खी वळते. भाकरी थापताना खाली बघता येत नाही, म्हणून बुबुळं तेवढी खाली पाडते आणि बाकीचं हाताने चाचपते. मागच्या महिन्यात बाजारात एक ई-रिक्शा डावीकडून आली, त्या गाड्यांचा आवाज येत नाही, आणि तिला दिसलीच नाही. पायाला घासून गेली. हाडाला काही झालं नाही, पण तेव्हापासून ती एकटी बाहेर पडत नाही. भाजी दारावर घेते. देवळात जायचं तर मी कधी येते त्याची वाट बघते. ही आपली आई, जी तुमच्या मागे एकटीने घर चालवत होती, ती आता गल्लीच्या तोंडापर्यंत जायला माझा हात मागते. आणि हे पायाचं दुखणं नाही, डोळ्यांचं नाही. नुसती मान वळत नाही.

तो पट्टा रोज सकाळी मी बांधते. तिला मागची चिकटपट्टी हाताने नीट लावता येत नाही. आंघोळ झाली, देवापुढे दिवा लावला की ती माझ्यासमोर येऊन हनुवटी वर करते आणि डोळे मिटते, आणि मी मागे हात नेऊन पट्टा ओढून चिकटवते. तुम्ही अगदी असेच तिच्यासमोर उभे राहायचात. तेव्हा नाड्या होत्या. ती बोट आत घालून बघायची, फार आवळला तर नाही ना. मीही बोट घालून बघते. मग डबा उचलते आणि सेंटरला जाते आणि दिवसभर लोकांच्या गळ्यातले पट्टे काढायला सांगते.

चांदनी गावाहून एक काकू येते, पॅसेंजर गाडीने. वेफरसाठी कच्च्या केळ्यांची सालं काढायच्या कामावर जाते, दिवसभर परातीवर मान घालून. पहिल्या दिवशी सगळं शिकवलं, दुसऱ्या वेळी आली आणि टेबलावर आडवीच पडली.

"मॅडम, आज कसरत राहू द्या. करंट लावून द्या. करंटनं बरं वाटते."

"घरी केलं का?"

"घरी कुठं करू? सासरा ओट्यावर बसेल राहतो. त्याच्यासमोर छाती काढून, मान वर करून उभी राहू का? म्हणतील सून पहेलवान झाली."

मी म्हटलं, मग जिथे जमेल तिथे करा. ती वळून माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "तुम्ही करता का पण? तुमची मान तर आमच्यापेक्षा भारी. मघाशी त्या पोरीनं हाक मारली तर तुम्ही अख्ख्या फिरल्या, गाडी-बैल फिरवल्यासारख्या." टेबलापाशी उभी असलेली रिसेप्शनवरची मुलगी हसली. मीही हसले. पण घरी आल्यावर आरशासमोर उभं राहून बघितलं. मला दुखत नाही, बाबा. माझी मान वळते, पूर्ण वळते. मी ती वळवतच नाही. तुम्हाला बघून शिकले, आणि मला कधी वाटलंच नाही की यात शिकण्यासारखं काही नव्हतं.

गेल्या आठवड्यात ती काकू पुन्हा आली. मी विचारायच्या आधीच सांगायला लागली. कामावर चहाच्या वेळेला, सालींच्या ढिगाच्या मागे उभी राहून तिने सुरू केलं होतं. "बाया हसल्या ना. म्हणे, कबुतर होऊ राहिली का गं. मी म्हटलं, हो, कबुतर. तुम्ही पण व्हा. संध्याकाळी मान धरून कोण रडते, मी एकटी का? आता आम्ही सगळ्या जणी गुटरगूं करतो. ठेकेदार म्हणतो, इनको क्या हो गया." दुखणं कसं आहे विचारलं. "आहे. पण झोप लागते आता." पुष्कळ कमी झालं असं ती म्हणाली नाही, म्हणून मीही तसं लिहीत नाही. पण टेबलावर आडवी पडली नाही, आणि करंटचं नाव काढलं नाही, आणि जाताना दारातून मला हाक मारून म्हणाली, "मॅडम, इकडे बघा. नुसती मान." मी नुसती मान वळवून बघितलं. ती समाधानाने गेली.

संध्याकाळी मी हे स्वयंपाकघरात आईला सांगितलं. आई चुलीशी, म्हणजे गॅसशी, पण ती अजून चूलच म्हणते, भाकरी करत होती. मी काकूची नक्कल करून दाखवली, कबुतराची, गुटरगूंची. मला वाटलं ती हसेल. ती थांबली. हातातलं पीठ तसंच. मग पीठ झटकत म्हणाली, "तुझ्या बाबांना पण डॉक्टरनं हेच दिलं होतं."

"काय?"

"हेच. हनुवटी आत, बाहेर. स्वतः खुर्चीवर बसून करून दाखवलं त्यांनी. मी होते ना संगती."

"पण ते तर जन्मभर पट्टा घाला म्हणाले होते."

"कोण म्हणालं असं? थोडे दिवस घाला म्हणाले, दुखणं उतरलं की काढा अन् मान हलवत राहा. तुझे बाबा दुसऱ्या दिवशी सकाळी गच्चीवर करायला लागले. मी तिथंच गहू निवडत बसले होते. हनुवटी आत, बाहेर, आत, बाहेर, तोंड इतकं गंभीर. मला एकदम हसू आलं. मी म्हटलं, अहो, दाणे टाकू का?"

तव्यावरची भाकरी उलटायची राहिली होती.

"तेही हसले. चिडले नाहीत. खाली आले अन् माझ्यासमोर उभे राहिले. म्हणाले, बांध तो पट्टा. मी बांधला. परत कधी त्यांनी ते केलं नाही, अन् मी पण विचारलं नाही. पट्टा घातला की कुरकुर करायचे नाहीत, मला वाटलं बरंच आहे." मग तिने बुबुळं माझ्याकडे फिरवली, मान नाही. "मी हसले नसते तर गं?"

तवा तापला होता. मी म्हटलं, "आई, भाकरी करपतेय." एवढंच मी म्हणाले.

बाबा, मला याचं उत्तर माहीत होतं. मी ते रोज बघते. व्यायाम सोडणारी माणसं कितीतरी लहान कारणांनी सोडतात. पाहुणे आले म्हणून, लग्न होतं म्हणून, एक दिवस बरं वाटलं म्हणून, एक दिवस जास्त दुखलं म्हणून. आई हसली नसती तरी तुम्ही बहुतेक परीक्षांच्या दिवसांत सोडून दिलं असतंत. आणि केलं असतंत तरी किती फरक पडला असता ते मी आज सांगू शकत नाही. कदाचित पुष्कळ, कदाचित थोडा. तुम्ही आजारी पडलात ते तापाने, मानेचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. हे सगळं खरं आहे आणि हे सगळं मी तिला सांगायला हवं होतं. मी वर्षानुवर्षं गप्प राहिले ते या भीतीने की पट्टा चुकीचा होता हे तिला कळलं तर तिला वाटेल, आपण एवढी वर्षं धुतलं, खळ घातली, बांधला, त्या सगळ्याने नवऱ्याचं नुकसानच केलं. आणि तिला तर ते आधीपासून वाटतंच होतं. मी जिच्यापासून लपवत होते तिच्याकडेच ते होतं, माझ्यापेक्षा जुनं आणि माझ्यापेक्षा जड. ती तुमची आठवण म्हणून तो पट्टा घालते असं मी समजत होते. आता वाटतं, ती स्वतःला तो भोगायला लावते आहे.

तुम्ही गेलात तो दिवस मी कधी लिहिला नाही. हॉस्पिटलमध्ये त्यांनी पट्टा काढून उशाशी ठेवला होता. मी तुमची मान पहिल्यांदा तेव्हा नीट पाहिली. चेहरा आणि हात उन्हाने रापलेले, आणि मधे ती मान गोरी, बारीक, लहान मुलासारखी. तेव्हा मला नुसतं वाईट वाटलं. पुढे शिकताना पुस्तकात वाचलं की बांधून ठेवलेला स्नायू सुकत जातो, आणि पान बंद करून मी बाहेर जाऊन उभी राहिले. घरी आणल्यावर तुम्हाला नेताना आईने पुरुषांना सांगितलं होतं, "त्यांना पट्टा घाला ना. मान लटकते आहे त्यांची." मोठ्या काकांनी तिला हळूच म्हटलं, आता नको. म्हणून तो पट्टा आपल्याकडे राहिला. तो तुमच्याबरोबर गेला असता तर आज आईच्या गळ्यात नसता, असं मी पुष्कळदा मनात म्हटलं आहे. पण बाजारात पट्टे मिळतात. तिने दुसरा आणला असता.

तिने विचारलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती नेहमीसारखी समोर येऊन उभी राहिली, हनुवटी वर, डोळे मिटलेले. मी बांधला. तिसऱ्या दिवशीही बांधला. मध्ये एक गुरुवार आला, गुरुवारी सेंटर बंद असतं, घाईचं कारण नव्हतं, तरी बांधला. आज सकाळी बांधताना तिच्या मानेला बोट लागलं. तिथे हाडापेक्षा जास्त काही हाताला लागत नाही.

एकदम काढायचा नाही, हे मला कळतं. कोणाचाही काढत नाही. आधी सकाळचा थोडा वेळ, घरात, बसल्या जागी, मग वाढवत न्यायचा. तुमची रेहल मी माळ्यावरून काढून पुसून ठेवली आहे, एक बिजागरी सैल झाली आहे, पण उभी राहते. आई मोबाइलवर कीर्तन ऐकते तो मोबाइल रेहलवर ठेवीन. बिनपट्ट्याची बसली तरी मान खाली जायला नको. तुम्ही ज्ञानेश्वरी ठेवू म्हणाला होतात. ती राहिली. कीर्तन चालेल.

हे पत्र मी रेहलच्या घडीत ठेवणार होते, पण आई ती उघडेल, म्हणून नाही ठेवणार. मागचं ज्या कपाटात आहे तिथेच जाईल. जायच्या आधी एक कबूल करते. काकूने विचारलं होतं, तुम्ही करता का, आणि मी हसून विषय बदलला होता. मी करत नाही, बाबा. शिकवताना करून दाखवते तेवढंच. स्वतःसाठी, सकाळी उठून, एकदाही केलेलं नाही. आत्ता हे लिहिताना तुमच्या फोटोसमोर करून बघितलं. फार विचित्र दिसतं. तुम्ही का थांबलात ते मला समजलं.

परवा गुरुवार आहे. परवा सकाळी आई दिवा लावून येईल आणि हनुवटी वर करेल, तेव्हा मी पट्टा हातात घेणार नाही. तिला गच्चीवर नेईन, खुर्चीवर बसवीन, आणि तिच्यासमोर उभी राहून आधी मी करेन, आत, बाहेर, आत, बाहेर, अगदी गंभीर तोंडाने. तिला हसू आलं तर येऊ दे. दाणे टाकायचे असतील तर टाकू दे. मी थांबणार नाही.